गाडीखाली गप्प राहायचं नाही

"ते घेऊ नका."

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात, ओल्या छत्र्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत, कुणीतरी उल्काच्या कानाशी हे बोललं. तेव्हा तिचा हात लाल बुचाच्या चार बाटल्यांवर होता. दुकानदाराने त्या काउंटरवर आपटल्या होत्या आणि "सगळं एकच असतं, ताई," असं सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलाही होता. पुण्यातल्या दुकानदाराला एकच गोष्ट दोनदा विचारण्याची छाती उल्काकडे नव्हती. तिने फक्त मान वळवली.

शेजारी एक उंच, सावळा तरुण उभा होता. कपाळावर पावसाचे थेंब, शर्टाच्या खिशात दोन पेनं. तो तिच्याकडे पाहतही नव्हता. त्याचं सगळं लक्ष बाटलीवरच्या बारीक अक्षरांत होतं.

"का घेऊ नको?"

"तुमच्या कागदावरचा नंबर या बाटलीवर नाही. ऑटोमॅटिक गाडी आहे ना? तिच्या गिअरबॉक्सला कुठलंही ऑइल चालत नाही. तिचं जावयासारखं असतं, पाहिजे तेच पाहिजे."

"जावयांचा बराच अनुभव दिसतोय तुम्हाला."

"नाही… अजून झालो नाही कुणाचा," तो म्हणाला आणि स्वतःच इतका लाजला की उल्काला हसू आवरेना. तेवढ्यात दुकानदार तिकडून ओरडला, "मास्तर, शाळा बाहेर भरवा." पण ओरडता ओरडता त्याने वरच्या फळीवरून बरोबर नंबरच्या चार बाटल्या काढून दिल्या. मास्तरांचं म्हणणं खरं असणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

मास्तरांचं नाव मच्छिंद्र. गाव हडपसर. घरची शेती होती तिथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि हा आयटीआयमध्ये पोरांना मोटर मेकॅनिकचं काम शिकवतो. समोरच्या अमृततुल्यात चहा घेताना ही सगळी माहिती त्याने न विचारता दिली. नाव जुनं आहे म्हणून वर्गातली पोरं मागून हसतात, हेसुद्धा सांगितलं. माणूस बोलका होता. बोलता बोलता घाबरला की 'आहे'चं 'हाय' व्हायचं, आणि ते लक्षात आलं की तो पटकन चहाचा घोट घ्यायचा. उल्काने त्या एका चहात असे पाच घोट मोजले.

मग तिने आपली अडचण सांगितली. गाडी वडिलांची. गिअर बदलताना हल्ली धक्का देते. कंपनीचे लोक म्हणतात, या गाडीचं गिअर ऑइल जन्मभर बदलायचं नसतं. वडील म्हणतात, कुणाच्या जन्मभर, ते विचारून ये. वडील स्वतः जुने मिस्त्री आणि हट्टाला पेटलेले. पाऊस उघडला की मीच गाडीखाली जाऊन बदलतो, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

"मग बदलू द्या की. मिस्त्री आहेत म्हणता."

"त्यांना डावा पाय नाही," उल्का म्हणाली. "गुडघ्याखाली."

मच्छिंद्रने कप खाली ठेवला आणि म्हणाला की तो येईल, रविवारी, वडील घरी नसताना. तासाभराचं काम आहे.

"एक अट आहे," उल्का म्हणाली. "गाडीखाली गेलात की बोलत राहायचं. एक क्षणही गप्प राहायचं नाही."

"काय बोलायचं?"

"काहीही."

"लहानपणापासून सगळ्यांनी मला गप्प बस म्हणून सांगितलंय," मच्छिंद्र म्हणाला. "तुम्ही पहिल्याच."

त्याला ती थट्टा वाटली. थोडंसं आमंत्रणही वाटलं असेल, तरुण माणूस आहे. पण उल्काने ती अट थट्टेने घातली नव्हती.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याला लागून, तिच्या वडिलांचं, संपत मिस्त्रींचं, छोटं गॅरेज होतं. उल्का तेव्हा पंधरा वर्षांची. दुपारी ती वडिलांचा चहा घेऊन गेली. गाडीखालून त्यांचे दोन पाय दिसत होते. तिने हाक मारली, "आप्पा, चहा." उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. आप्पा कामात असले की बोलत नसत, त्यामुळे तिने कप फळीवर ठेवला आणि ती घरी येऊन पुस्तक वाचत बसली. अर्ध्या तासाने कप आणायला गेली, तर पलीकडच्या बाजूला जॅक आडवा पडला होता आणि गाडी आप्पांच्या पायावर होती.

दवाखान्याच्या जिन्यात कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "अर्धा तास आधी आणलं असतं तर पाय वाचला असता." ते वाक्य उल्काने ऐकलं आणि कुणाला सांगितलं नाही. हाक मारली होती हेही सांगितलं नाही. आप्पांना नाही, आईला नाही. आई तर पुढे चार वर्षांनी गेलीच. हिशेब तिने मनाशीच करून टाकला होता. जॅक आधीच सुटला होता, आप्पा खाली बेशुद्ध होते, आणि आपण चहा ठेवून निघून गेलो. तेव्हापासून घरात कुणी जरा वेळ गप्प बसलं तरी तिचे हातपाय गार पडायचे. दोन स्थळं तिने काहीतरी खुसपट काढून परतवली होती. खरं कारण एवढंच की ज्या माणसावर जीव जडेल त्याला ऐन वेळी आपण सोडून जाऊ, अशी तिची पक्की खात्री होती.

आणि आता हा बोलका मास्तर.

पुढचे दोन रविवार पावसाने खाल्ले. सकाळी सातलाच मेसेज यायचा, 'आज नको. जमीन ओली हाय.' मग लगेच दुसरा, 'आहे.' उल्का अंथरुणातच हसायची. गाडीला हात लागला नाही, पण नरसाळं आणून द्यायच्या निमित्ताने एकदा आणि ते नरसाळं चुकीच्या मापाचं निघालं म्हणून एकदा, अशा दोन भेटी झाल्या. दुसऱ्या भेटीत छत्री एकच होती. तिचा खांदा भिजू नये म्हणून तो स्वतः अर्धा भिजत चालला होता आणि बोलत होता मात्र गिअरबॉक्सच्या तापमानाबद्दल. त्या रात्री उल्काला बराच वेळ झोप आली नाही. आनंद होत होता, आणि आनंद झाला की तिला भीती वाटायची, हा तिचा जुना रोग होता.

तिसऱ्या रविवारी ऊन पडलं. जब्बारचाचा आप्पांना आपल्या गाडीतून खडकवासल्याला घेऊन गेले. धरण भरलंय ते बघू, कणसं खाऊ, दोनपर्यंत येऊ, असं ठरलं. जब्बारचाचा आप्पांचे जुने दोस्त; त्यांना उल्काने सगळं सांगून ठेवलं होतं. निघताना त्यांनी तिला डोळा मारला, आणि आप्पांना तो दिसला नाही अशी उल्काची समजूत झाली.

मच्छिंद्र दहाला आला. गाडी पंधरा मिनिटं चालवून त्याने ऑइल कोमट केलं. मग पार्किंगच्या फरशीवर जाड फळ्या टाकल्या, गाडी जॅकने उचलली आणि चार कोपऱ्यांत चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, बसवली. चाकांखाली विटा सारल्या. काढलेलं स्टेपनीचं चाकही गाडीच्या पोटाखाली आडवं सारलं. दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवून दाखवली.

"हलतेय?"

"नाही."

"मग चेहरा का असा?"

उल्काने विटा पुन्हा तपासल्या. तो पाठीवर झोपून आत सरकला आणि बाहेर उरले फक्त दोन पाय. ती खाली बसली आणि तिने त्याच्या बुटाची टाच घट्ट धरली. खालून जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"बोला," ती म्हणाली. आवाज चिरकला होता.

आणि तो बोलू लागला. गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात, एक वर, एक खाली. वरून ऑइल भरायचं, खालून सोडायचं. पोरांना तो पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून देतो की आधी वरचा बोल्ट उघडून बघा, तो उघडला तरच खालच्याला हात लावा. कारण खालून सगळं ऑइल सोडलं आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी जागेवर मेली. ना चालवता येते, ना ढकलत नेता येते. मग त्याने आईबद्दल सांगितलं, तिच्या बाजरीच्या भाकरीबद्दल, हडपसरच्या घरामागच्या शेवग्याबद्दल. बोलत राहायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. शेवगा संपल्यावर तो अडखळला, आणि टाचेवरची पकड आवळली.

"बोलतो, बोलतो," तो म्हणाला. "आता काय बोलू… एक विचारू का? समोर असताना विचारता येत नाही, म्हणून खालनं विचारतो."

"विचारा."

"हे असं बोलत राहायचं काम… रोजच केलं तर चालेल का? म्हणजे गाडी नसताना पण. म्हणजे… कायमचंच. माझी तयारी हाय."

उल्काला हो म्हणावंसं वाटत होतं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी तिला फळीवर ठेवलेला तो कप दिसला. याला हो म्हणायचं, आणि मग एके दिवशी… ती गप्प राहिली.

खालूनही आवाज थांबला.

"मच्छिंद्र?"

उत्तर नाही.

"अहो… बोला ना."

काही नाही. टप टप असा बारीक आवाज तेवढा येत होता. उल्काला पुढचं नीट आठवत नाही. तिने दोन्ही हातांनी त्याचे घोटे धरले आणि अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने ओढले. साठ-पासष्ट किलोचा तो माणूस फरशीवरून सर्रकन बाहेर आला. गालावर काळं ऑइल, डोळे सताड उघडे. जिवंत होता.

"गप्प का बसलात?" ती ओरडली आणि रडू लागली. "सांगितलं होतं ना? एकच गोष्ट सांगितली होती!"

मच्छिंद्र उठून बसला. ऑइलपेक्षाही लाजेने त्याचा चेहरा काळवंडला होता.

"चूक झाली," तो म्हणाला. "तुमच्या उत्तराकडं कान लागले होते. हात आपोआप चालला. मी खालचा बोल्ट काढला. वरचा न बघता."

म्हणजे पोरांना जे पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून देतो, तेच मास्तर स्वतः विसरले होते. गाडीखालच्या घमेल्यात काळपट ऑइल भरत चाललं होतं. तो पुन्हा आत गेला, यावेळी अखंड बोलत, आणि खालचा बोल्ट परत लावून दहा मिनिटांनी बाहेर आला. वरचा बोल्ट आवळून बसला होता. शिवाय गिअरबॉक्स आणि चासीच्या मधली जागा इतकी अरुंद, की त्याचा पंजाच आत जात नव्हता. पाना दोनदा घसरला होता. अजून एकदा घसरला तर बोल्टाचं डोकंच झिजलं असतं.

अशा वेळी घड्याळं नेहमी दुष्टपणा करतात. साडेबाराच वाजले होते आणि फाटकाशी जब्बारचाचांचा हॉर्न वाजला.

संपत मिस्त्री कुबडी टेकत आत आले. घोड्यांवर चढलेली गाडी, रडून लाल झालेली मुलगी आणि ऑइलने माखलेला परका तरुण, असं सगळं त्यांनी सावकाश पाहून घेतलं.

"धरणात पाणी पुष्कळ आहे," ते म्हणाले. "इथेही कमी दिसत नाही."

मच्छिंद्रने उभं राहून सगळं सांगितलं. चूक लपवली नाही. मिस्त्रींनी घमेल्यात बोट बुडवून ऑइल हुंगलं, मान हलवली, कुबडी भिंतीला लावली आणि ते एका हाताने बंपर धरून खाली बसू लागले.

"सरका. मी बघतो."

"नाही," उल्का म्हणाली.

"अगं, गाडी माझी आहे. उद्या मी घराबाहेर कसा पडू?"

ते खरंच होतं. क्लच नसल्याने ही गाडी एका पायाने चालवता यायची, आणि या गाडीपायीच आप्पा पुन्हा माणसांत आले होते. गाडी गेली असती तर आप्पा खिडकीत बसले असते. उल्काने गाडीच्या पोटाखालचा अंधार पाहिला.

"मी जाते," ती म्हणाली. "माझा हात जाईल."

कुणी काही बोलायच्या आत ती पाठीवर झोपली. आप्पांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मग स्टूल ओढून बसले. "मास्तर, बघत काय राहिलात? पाय धरा तिचा. मला वाकता येत नाही."

आत गेल्यावर छातीपासून वीतभर अंतरावर लोखंड आलं. चिखल, गंज, गरम तेलाचा वास. श्वास घ्यावा तर लोखंड छातीला लागेल असं वाटत होतं. तिने डोळे मिटले. घोट्यावर कुणाचा तरी हात होता.

"पाना लागला?" आप्पांचा आवाज.

"लागला."

"सोडायला जाऊ नको. आधी जरासा आवळ. मग सोड. आणि बोलत राहा, तुझाच नियम आहे म्हणे."

तिने पाना आवळला. बोल्ट ढिम्म. बोलायचं काय? तिला दुसरं काही सुचेना. अकरा वर्षं घशात अडकलेलं होतं तेच वर आलं. इथून आप्पांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनही असेल.

"आप्पा, त्या दिवशी मी चहा घेऊन आले होते," ती म्हणाली. "दोन हाका मारल्या. तुम्ही बोलला नाहीत. मी कप ठेवून निघून गेले. तुम्ही खाली अडकला होतात आणि मी घरी जाऊन पुस्तक वाचत बसले. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तुमचा पाय गेला. मी कधी सांगितलं नाही."

घोट्यावरचा हात आवळला गेला. ती रडत होती आणि पाना दाबत होती.

"चहा मी प्यायलो होतो," आप्पा म्हणाले.

"काय?"

"तुझ्या हाका मी ऐकल्या. दातात बोल्ट होता, बोलणार कसा? तू गेल्यावर बाहेर आलो, चहा प्यायलो. साखर कमी होती. विडी ओढली, शेजारी दोन गप्पा मारल्या आणि परत आत गेलो. मग जॅक सरकला. तू आलीस तेव्हा पाच मिनिटंही झाली नव्हती. तू आलीस म्हणून मी वाचलो, उल्के. उशीर झाला तो रस्त्यात झाला, चौकात गाड्या तुंबल्या होत्या." त्यांचा आवाज जड झाला. "कप रिकामा होता. बघितला नाहीस का?"

कप. इतकी वर्षं तिने तो कप रोज पाहिला होता, मनात, भरलेला, वाफ येणारा. परत गेल्यावर तो कसा होता, हे तिने पाहिलंच नव्हतं. उल्का आता हुंदके देऊन रडू लागली आणि रडता रडताच तिने पान्यावर सगळा जोर टाकला. कर्रर्र आवाज झाला. बोल्ट फिरला.

"फिरला," ती म्हणाली.

"फिरणारच. आधी आवळावं लागतं," आप्पा म्हणाले आणि मोठ्याने नाक शिंकरलं. मग जब्बारचाचांना म्हणाले, "चल, चहा टाकू. इथे आपलं काही काम दिसत नाही." कुबडीचा ठक ठक आवाज घराकडे गेला.

उल्का तशीच पडून राहिली. छाती अजून धडधडत होती. पण आता ती धडधड वेगळी होती, आणि तिला ती ओळखू आली.

"मास्तर," ती खालूनच म्हणाली, "मघाचं तुमचं… रोज बोलत राहायचं. चालेल मला."

तिने पाना छातीवर ठेवला.

"पण आधीच सांगते. मी घाबरट आहे. यायला दहा मिनिटं उशीर झाला तर दहा फोन करीन. दिवे गेले तर हाक मारीन. झोपेत श्वास ऐकत बसेन. त्रास होईल तुम्हाला. आवडता तुम्ही मला, म्हणून होईल."

ती थांबली. आता त्याने काहीतरी बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. लहानपणापासून ज्याला सगळ्यांनी गप्प बस म्हणून सांगितलं, त्या माणसाच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. गाडीच्या कडेखालून तिला त्याचे फरशीवर टेकलेले गुडघे दिसत होते आणि घोट्यावर त्याचा कोमट, तेलकट तळवा जाणवत होता.

मच्छिंद्र गप्प होता, आणि उल्काला भीती वाटली नाही. ती वाट पाहत होती, भीती आता येईल, मग येईल. ती आलीच नाही. तिने हात वर घातला, सैल झालेला बोल्ट बोटांनी फिरवून अलगद काढून घेतला आणि म्हणाली, "ऑइल द्या आता. सावकाश. बोलला नाहीत तरी चालेल."